मोठेबाबांचे कोल्ट

आमच्या वर्धा जिल्ह्याची एक गंमत बाहेरगावच्या माणसाला सांगितली की तो आधी हसतो आणि मग विचारात पडतो. गांधीजींचा जिल्हा म्हणून इथे दारूला बंदी. आणि याच जिल्ह्यात पुलगावला लष्कराचे दारूगोळ्याचे भांडार, देशातल्या सर्वांत मोठ्या भांडारांपैकी एक. एका दारूची बाटली पिशवीत सापडली तर पोलीस धरणार, आणि दुसरीच्या राशी राखायला लष्कराचा पहारा. माझे वडील शिक्षक होते, अंगात खादी, आणि हा विनोद ते दरवर्षी नव्या वर्गाला न चुकता सांगत. पण आर्वी तालुक्यातल्या आमच्या वडिलोपार्जित घरात एक परवान्याचे पिस्तूल आहे, ही गोष्ट त्यांनी वर्गात कधी सांगितली नाही. आज ती मी सांगणार आहे.

पिस्तूल मोठेबाबांचे. मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. आमच्या भागात थोरल्या काकांना मोठेबाबा आणि काकूंना मोठी आई म्हणतात. १९५१ साली मालगुजारी गेली तेव्हा मोठेबाबा ऐन पंचविशीच्या आतले होते. मालगुजारी गेली, पण चाल गेली नाही. घरात दोन बंदुका होत्या. एक आजोबांची बारा बोअरची दुनळी आणि दुसरी त्यांच्याही आधीची भरमार. भरमार म्हणजे तोंडाकडून दारू, चिंध्या आणि छर्रे ठासून भरायची जुनी बंदूक. दिसायला ती अगदीच गरीब, पण खरे काम तीच करायची. ज्वारी हुरड्यावर आली की गडी जागलीला माळ्यावर बसायचा आणि रानडुकरांचा कळप किंवा रोही आले की नुसत्या दारूचा एक बार काढायचा. त्या आवाजाने अर्धे शिवार जागे होई. दुनळी दसऱ्याला पूजेपुरती बाहेर निघे.

मग या घरात पिस्तूल कशाला आले? त्याचे उत्तर एका कायद्यात आहे.

शस्त्रास्त्रांचा आपला मूळ कायदा १९५९ चा, तो १९६२ च्या १ ऑक्टोबरपासून लागू झाला. त्यात एका माणसाने किती हत्यारे बाळगावीत याला मर्यादा नव्हती. ती १९८३ च्या दुरुस्तीने आली. एका माणसाला जास्तीत जास्त तीन. ही दुरुस्ती त्या वर्षी २२ जूनला अमलात आली आणि तिसऱ्या दिवशी, २५ जूनला, कपिलदेवच्या संघाने लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला. साऱ्या देशाला कपिलदेव आठवतो. आमच्या घरात तो जून महिना ‘तीनच्या कायद्याचा’ म्हणून लक्षात राहिला. मोठेबाबांनी बातमी वाचली आणि बोटावर हिशेब केला. दुनळी एक, भरमार दोन. म्हणजे जागा उरली एक.

आता गंमत पाहा. तोवर तिसऱ्या हत्याराची त्यांना कधी गरज वाटली नव्हती. एकच जागा उरली म्हटल्यावर ती रिकामी राहणे त्यांना सोसेना. त्यातच नागपूरच्या बंदुकीच्या दुकानात दुसरी बातमी मिळाली, की बाहेरदेशीचा माल येणे आता बंद होण्याच्या बेतात आहे. ती काही अगदीच अफवा नव्हती. पुढे ऐंशीच्या दशकाच्या मध्यास सरकारने सामान्य परवानाधारकांसाठी आणि दुकानदारांसाठी परदेशी हत्यारांची आयात खरोखरच थांबवली. सवलत राहिली ती नामवंत नेमबाजांना आणि काही थोड्या लोकांना. दुकानदाराने मोठेबाबांसमोर एक मखमली फडके उलगडले आणि म्हणाला, “मालगुजारसाहेब, हा माल तिकडे बनायचाच बंद होऊन चाळीस वर्षं होत आली. आता इकडे यायचाही बंद होणार. आज नाही घेतलं तर परत दिसणार नाही.”

फडक्यावर होते ते कोल्टचे १९०३ सालच्या नमुन्याचे .३२ बोअरचे पिस्तूल. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराचा आराखडा, हार्टफर्डच्या कारखान्याचे काम. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस त्याचे उत्पादन थांबले. त्या युद्धात अमेरिकी सेनापतींना जे पिस्तूल दिले जाई ते हेच, असे दुकानदाराने सांगितले आणि ते खरे होते. चपटे, गुळगुळीत, खिशात घातले तर कुठे अडकणार नाही असे. कारण त्याचा घोडा बाहेर दिसतच नाही, तो स्लाइडच्या आत झाकलेला. खालून सरकवायच्या पेटीत आठ गोळ्या. मुठीच्या मागच्या बाजूला एक पट्टी, ती तळहाताने नीट दाबली गेल्याशिवाय चाप ओढूनही गोळी सुटत नाही. आणि मुठीवर मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या घोड्याचे चित्र. कोल्ट हे कारखानदाराचे आडनाव, पण इंग्रजीत त्याचा अर्थ शिंगरू, हे वडिलांनी नंतर आम्हा मुलांना सांगितले. त्या पिस्तुलाविषयी त्यांनी प्रेमाने सांगितलेली तेवढीच एक गोष्ट.

.३२ च का, असे वाचक विचारतील. आपल्याकडे ९ मिलिमीटर, .३८, .४५ ही मापे लष्कर-पोलिसांची म्हणून सामान्य नागरिकाला मनाई. हाती राहतात ती .३२ सारखी मापे. त्यामुळे जगात जे पिस्तूल केव्हाच मागे पडले, त्याला आपल्याकडे मान.

परवाना वाढवून घ्यायला सात-आठ महिने गेले. ठाणेदाराची चौकशी, तलाठ्याचा दाखला, आर्वीच्या खेपा, वर्ध्याच्या खेपा. अर्जात कारण काय लिहावे यावर घरात बराच काथ्याकूट झाला. शेवटी लिहिले, की कापूस विक्रीची मोठी रोख रक्कम जवळ बाळगावी लागते. ते दिवस कापूस एकाधिकार योजनेचे. कापूस सरकारी केंद्रावर घालायचा आणि चुकारा बँकेतून यायचा, तोही कर्जाची वजावट होऊन. रोख रक्कम हा शब्दच आमच्या घरातून हद्दपार झाला होता. अर्ज मंजूर झाला तेव्हा वडील एवढेच म्हणाले, “दादा, आता रोख तेवढी आणा.”

ती रोख नको तिथून आली. १९८४ च्या उन्हाळ्यात विहीर खोल करायची ठरले होते. संत्र्याची दीडशे कलमे नुकतीच लावलेली, जुन्या विहिरीचे पाणी मार्चमध्येच तळाला जात होते. सुरुंगवाल्याला इसारा देऊन झाला होता. चुकाऱ्यातून त्यासाठी बाजूला काढलेले पैसे मोठेबाबांनी धोतराच्या सोग्यात बांधले, बसने नागपूरला गेले आणि संध्याकाळी पिस्तूल घेऊन परत आले. मी तेव्हा पंधरा वर्षांचा. ओसरीवर सतरंजी घातली होती, कंदिलाच्या काचेसारखे ते चकाकत होते, आणि आम्ही पोरे डोळे फाडून बघत होतो. मोठी आई माजघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, “विहीर कोठी हाय?”

मोठेबाबांनी वर पाहिले नाही. “विहीर पुढच्या वर्षी बी होते. हे पुढच्या वर्षी भेटत नाही.”

या एका वाक्यावर मी पुढची कित्येक वर्षे विचार केला आहे. हिशेबाने त्यात चूक काढता येत नाही. विहीर खरोखरच पुढच्या वर्षी होऊ शकत होती, आणि पिस्तूल खरोखरच मिळाले नसते. पण पुढच्या वर्षी कपाशी बसली, त्याच्या पुढच्या वर्षी बहिणीचे लग्न निघाले, आणि विहीर खोल झाली ती १९८७ मध्ये. तोवर दीडशे कलमांतली पस्तीस-चाळीस उरली होती. संत्र्याचे झाड उभे वाळते तेव्हा आधी शेंड्याची पाने गळतात. मोठी आई रोज संध्याकाळी बागेत जाऊन गळलेली झाडे मोजून यायची आणि आकडा कुणालाही सांगायची नाही.

वडिलांचा आणि मोठेबाबांचा या पिस्तुलावरून एकदाच मोकळा वाद झाला, आणि तो पैशावरून नव्हे तर गांधीजींवरून झाला. वडील २ ऑक्टोबरला आणि ३० जानेवारीला सेवाग्रामला सूतकताईला जात. अशाच एका तीस जानेवारीला ते परत आले आणि ओसरीवर मोठेबाबा पिस्तुलाला तेल लावत बसलेले. वडील काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा बोलला असावा. गांधीजींना मारले ते इटालियन बेरेटा पिस्तूल असेच हातात मावणारे होते. मोठेबाबांना ते लागले. ते आत गेले आणि एक कात्रण घेऊन आले. १९३० च्या जानेवारीत, मिठाच्या सत्याग्रहाआधी, गांधीजींनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या होत्या. दारूबंदी, मिठावरचा कर, शेतसारा निम्मा करणे, आणि त्याच यादीत एक अशी, की स्वसंरक्षणासाठी हत्यारांचे परवाने द्यावेत, लोकांच्या नियंत्रणाखाली.

“वाचा, मास्तर,” मोठेबाबा म्हणाले. “तुमच्या बापूनंच मागितलं होतं.”

वडिलांनी कात्रण पूर्ण वाचले. त्यांना ती मागणी ठाऊक होती. ज्या लिटनने १८७८ मध्ये देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची तोंडे बांधली, त्यानेच त्याच वर्षी शस्त्रांचा कायदा करून हिंदी माणसाला निःशस्त्र केले. गांधीजींचा राग त्या अपमानावर होता. “त्यांनी परवाना मागितला होता, दादा,” वडील शांतपणे म्हणाले. “पिस्तूल नव्हतं मागितलं.” आणि ते हातपाय धुवायला गेले. मला त्या वेळी वडील जिंकले असे वाटले होते. आता तसे खात्रीने वाटत नाही. परवाना मागायचा आणि हत्यार घ्यायचे नाही, ही चैन गांधीजींना जमण्यासारखी होती; ज्याच्या हातातून गाव गेले त्या माणसाला ती कशी जमणार?

एवढे करून पिस्तुलाने केले काय? खरे सांगायचे तर काहीच नाही. चोर आले नाहीत, दरोडा पडला नाही. काडतुसे खडकीच्या कारखान्याची, तीही परवान्यावर मोजून मिळणार, म्हणून सरावालाही ती काढवत नसत. बहिणीच्या लग्नात वरात दारात आली तेव्हा मोठेबाबांनी आकाशात एक बार काढला, तो त्याचा आमच्या घरातला एकमेव जाहीर पराक्रम. (अशा हौसेच्या गोळीबाराला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. मोठेबाबा नशीबवान.) बाकी वर्षभर पिस्तूल कपाटात, आणि आम्ही त्याच्या पहाऱ्यावर. घर कधी पूर्ण रिकामे टाकायचे नाही, कारण आत पिस्तूल. सगळ्यांनी मिळून पंढरपूरला जायचे नाही, कारण पिस्तूल. दर तीन वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी पुन्हा ठाणे, पुन्हा वर्धा. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायचे, निकालानंतर पावती दाखवून परत आणायचे. आमच्या भागात निवडणुकाही काही कमी होत नाहीत. संरक्षणासाठी घेतलेल्या वस्तूचे संरक्षण करण्यात एका घराची किती शक्ती जाते, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

आणि तरीही त्याची किंमत वाढत होती. आयात बंद झाल्यामुळे जे देशात होते तेवढेच फिरत राहिले. कानपूरच्या सरकारी कारखान्यात .३२ ची रिव्हॉल्व्हर होऊ लागली, ईशापूरचे पिस्तूल आले. २०१४ मध्ये कानपूरनेच स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे हलके रिव्हॉल्व्हर काढले, सव्वा लाखाच्या आसपास किमतीचे. पण ‘बाहेरचे’ ते बाहेरचे, ही आपली जुनी खोड. नागपूरचा दुकानदार दर दोन-तीन वर्षांनी नवा आकडा सांगे आणि मोठेबाबा तो आकडा जेवताना मोठ्याने सांगत, मोठी आईला ऐकू जाईल असा. ती भाकरी थापत राही.

आता मला २००६ सालाविषयी लिहायचे आहे, आणि ते थोडक्यात लिहीन.

मोठेबाबांचा धाकटा मुलगा, माझा चुलतभाऊ, तेव्हा शेती पाहत होता. कापसाचा भाव, बियाण्याचा खर्च, सोसायटीचे कर्ज, त्यावर सावकाराचे. ती कथा त्या वर्षी विदर्भात घरोघरी होती. त्याच पावसाळ्याच्या तोंडावर पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, आमच्या जिल्ह्यात वायफडला शेतकऱ्यांना भेटले, आणि वर्धा धरून सहा जिल्ह्यांना मदतीचे पॅकेज जाहीर झाले. आमच्या घरात मात्र बातम्या लावायची सोय राहिली नव्हती. चुलतभावाने बोलणे कमी केले होते. जेवणावरून अर्ध्यातून उठायचा. रात्री दोन वाजता ओसरीवर बसलेला दिसायचा. आम्ही पुरुषांनी त्याला धीर देण्याच्या नावाखाली बरेच शहाणपण सांगितले. मोठी आईने काही सांगितले नाही. तिने एका संध्याकाळी कपाटाची किल्ली मोठेबाबांच्या जानव्यावरून सोडवली आणि आपल्या कमरेला खोचली. तीन रात्री ती त्या कपाटाला पाठ लावून बसून राहिली. चौथ्या दिवशी सकाळी मोठेबाबांना म्हणाली, “ते घरातून बाहेर काढा. आजच.”

“अगं, कुलपात हाय.”

“कुलूप मले समजते. तुम्ही काढा.”

मोठेबाबांनी त्या दिवशी पहिल्यांदा वाद घातला नाही. पिस्तूल आणि काडतुसे नागपूरला दुकानदाराकडे रीतसर जमा केली आणि पावती मोठी आईच्या हातात दिली. चुलतभावाला आम्ही सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात नेले. औषध सुरू झाले, हळूहळू माणूस परत आला. कठीण काळात घातक वस्तू माणसाच्या हाताजवळून हलवावी, हे आज मानसोपचारातले डॉक्टर सगळ्यांत आधी सांगतात. वाईट घटका पुष्कळदा थोड्या वेळाची असते आणि ती टळली की माणूस वाचतो, असा जगभरचा अनुभव आहे. मोठी आई चौथी शिकलेली. तिला हे कुणी सांगितले नव्हते.

पिस्तूल दोन वर्षे नागपूरला राहिले. एक दिवस मोठेबाबा कुणाला न विचारता गेले आणि ते घेऊन आले. म्हणाले, दुकानात गंज चढतो. मोठी आईने किल्ली मागितली नाही. त्या दिवसापासून ती माजघरात झोपेनाशी झाली, बाहेर ओसरीवर अंथरूण टाकू लागली. उकाड्याचे कारण सांगायची. थंडीतसुद्धा.

२०१७ मध्ये मोठेबाबा गेले. परवानाधारक गेला की वारसाला हत्यार घेता येते. नियमाप्रमाणे सत्तरी ओलांडली किंवा पंचवीस वर्षे बाळगून झाली तर हयातीतही देता येते, पण ते त्यांनी केले नव्हते. चुलतभावाने स्पष्ट सांगितले, मला नको. त्याचे कारण सगळ्यांना ठाऊक होते, म्हणून कुणी विचारले नाही. वर्ध्याला राहणारा, पेन्शनीत आलेला, सरकारी कागदाची सवय असलेला मी. तीन हत्यारे माझ्या नावावर चढली. वडील तोवर गेले होते, ते एक बरे झाले असे मला पहिल्यांदा वाटले.

वर्ष-दीड वर्ष झाले नाही तोच डिसेंबर २०१९ उजाडला. संसदेत शस्त्र कायद्याची नवी दुरुस्ती आली. आधीच्या मसुद्यात तर एका माणसाला एकच हत्यार होते. विरोध झाला, तडजोड झाली आणि आकडा दोनवर थांबला. १४ डिसेंबरपासून कायदा लागू. ज्यांच्याकडे दोनाहून जास्त असतील त्यांनी वर्षाच्या आत जास्तीचे हत्यार ठाण्यात किंवा परवानेदार दुकानदाराकडे जमा करायचे. परवान्याची मुदत मात्र तिनाची पाच वर्षे केली, तेवढीच खेप वाचली. छत्तीस वर्षांपूर्वी ‘एक जागा उरली’ म्हणून मोठेबाबा धावले होते. आता एक जागा कमी झाली म्हणून मला धावायचे होते.

दुकानदाराचा फोन आला. जुन्या दुकानदाराचा मुलगा. म्हणाला, “साहेब, दुनळ्या तर ढिगाने येऊन पडताहेत, त्यांना विचारतो कोण? पण तुमच्याकडे जे आहे त्याला गिऱ्हाईक तयार आहे. लोक दोनच ठेवायचे तर चांगलं ठेवू म्हणताहेत. आत्ता विका. मुदतीच्या तोंडावर बाजार काय होईल सांगता येत नाही.” त्याने आकडा सांगितला. तो मी इथे लिहीत नाही; एवढेच सांगतो की त्यात आजच्या भावाने विहीरही झाली असती, वर ठिबकचे पाइपही आले असते. विक्रीच्या आधी पंचेचाळीस दिवस लेखी सूचना द्यावी लागते. मी अर्जाचा कागद आणला, भरला, सही करायची ठेवली. मग मार्च आला आणि टाळेबंदीने सगळेच थांबले.

टाळेबंदीत मी ते पिस्तूल बऱ्याच वेळा बाहेर काढले. तेल लावायला, असे स्वतःला सांगत होतो. मी त्याची एकही गोळी आजवर झाडलेली नाही. पण हातात घेतले की मुठीमागची ती पट्टी तळहाताखाली दबते, अगदी हलका आवाज होतो, आणि १९८४ ची ती ओसरी डोळ्यांपुढे येते. मोठेबाबांवर मी आयुष्यभर मनातून टीका केली. विहीर की पिस्तूल, या प्रश्नाचे उत्तर मला पंधराव्या वर्षीच ठाऊक होते. आणि आता तोच प्रश्न माझ्यापुढे आला तेव्हा माझ्या तोंडून, अगदी त्यांच्याच आवाजात, वाक्य निघाले, की विकता कधीही येते, हे परत मिळत नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये, मुदत संपायला तीन आठवडे उरले असताना, मी ठरवले. भरमार द्यायची. बाजारात तिला किंमत नव्हती, आणि शेतातही तिचे काम संपत आले होते. रानडुक्कर आणि रोही वन्यजीव कायद्यात आलेले, गोळी घालायची तर वनखात्याची परवानगी हवी. चुलतभावाने बांधावर झटका मशीन बसवून घेतली होती, तारेला डुक्कर शिवले की झटका बसतो आणि ते पळते. बोरच्या जंगलातून वाघही फिरकतो अधूनमधून, त्याच्यापुढे भरमार काय करणार? असे सगळे युक्तिवाद माझ्यापाशी तयार होते. तरी ठाण्यात ती टेबलावर ठेवताना हात अडखळला. या तिघींत जिने खरोखर पीक राखले, रात्ररात्र जागल केली, ती हीच. तिच्या दस्त्यावर आजोबांच्या हाताने बसवलेली पितळेची पट्टी होती. हवालदाराने तिला सुतळीने चिठ्ठी बांधली आणि मागच्या खोलीत नेऊन इतर बंदुकांशेजारी उभी केली. मग पावती लिहून दिली.

तेथून मी गावाला गेलो. मोठी आई आता नव्वदीला टेकलेली, ओसरीवरच्या खाटेवर बसून होती. ऐकायला कमी येते, पण डोळे शाबूत. मी सांगितले की ठाण्यात बंदूक जमा करून आलो, कायदा झाला आहे, आता दोनच ठेवता येतात. तिचा चेहरा उजळला. तिने हात पुढे केला आणि पावती मागितली. डोळ्यांजवळ नेऊन एकेक अक्षर लावीत वाचली. बराच वेळ लागला. मग कागदाची नीट घडी केली, माझ्या हातात परत दिली आणि विचारले,

“म्हणजे ते घरातच हाय न, बापा?”